संशयाचे बालपण : जॉइस मेनार्ड यांच्या ‘आफ्टर हर’ या कादंबरीतील बहिणी, शेजार आणि खुनी

प्रस्तावना

रहस्यकथा हा प्रकार वाचकांनी डोक्यावर घेतला आणि विद्यापीठीय समीक्षेने उंबऱ्याबाहेर ठेवला, हे चित्र मराठीला नवे नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही नावे दोन पिढ्यांच्या तोंडी होती. तरीही वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला येणारी जागा एखाद्या परिच्छेदापलीकडे क्वचितच जाते. या उपेक्षेमागे एक गृहीतक दडलेले असते. रहस्य उलगडले की कथा संपते, आणि एकदा वाचून संपणाऱ्या कथेचा अभ्यास तो काय करावयाचा, असे ते गृहीतक होय. ज्या कादंबऱ्यांना हे गृहीतक लावता येत नाही, त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकन लेखिका जॉइस मेनार्ड यांची २०१३ साली प्रसिद्ध झालेली ‘आफ्टर हर’ ही कादंबरी. दोन अल्पवयीन बहिणी, त्यांच्या घरामागच्या डोंगरावर होणारे तरुण स्त्रियांचे खून, आणि ‘खुनी आपल्याच शेजारी राहतो’ असा त्या बहिणींच्या मनात मूळ धरणारा संशय, असा या कादंबरीचा विषय आहे. खुनी कोण, हा प्रश्न या कादंबरीत आहेच. परंतु संशय घेणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न तिने अधिक गांभीर्याने हाताळला आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने कादंबरीची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

परिभाषेचा खुलासा आरंभीच करणे इष्ट ठरेल. मराठीत ‘रहस्यकथा’ ही एकच संज्ञा अनेक प्रकारांसाठी वापरली जाते. गुप्तहेराने बुद्धीच्या बळावर गुन्हा उकलण्याची कथा, गुन्हेगाराच्या पाठलागाची कथा, आणि संकट अंगावर येत असल्याची जाणीव वाचकाला शेवटपर्यंत टांगून ठेवणारी कथा, हे तिन्ही प्रकार या एका नावाखाली सुखेनैव नांदतात. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली लिहिलेल्या गुन्हेकथेच्या वर्गीकरणाविषयीच्या निबंधात या प्रकारांमधील भेद स्पष्ट केला आहे. त्यांच्या मते अभिजात गुप्तहेरकथेत दोन कथा असतात : एक घडून गेलेल्या गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. तपास करणारा सुरक्षित असतो, कारण गुन्हा भूतकाळात जमा झालेला असतो. उत्कंठाप्रधान कादंबरीत ही सुरक्षितता नाहीशी होते. पूर्वी काय घडले याइतकीच पुढे काय घडणार याची ओढ वाचकाला लागते, आणि शोध घेणारी व्यक्ती स्वतःच धोक्याच्या कक्षेत येते. ‘आफ्टर हर’ या दुसऱ्या प्रकारात मोडते. तिच्यातील शोध घेणारी व्यक्ती तेरा वर्षांची मुलगी आहे, ही गोष्ट मात्र तोदोरोव्ह यांच्या चौकटीत सहज बसत नाही. प्रौढ गुप्तहेर धोका ओळखून पत्करतो. इथे धोका आणि खेळ यांतील सीमारेषाच पुसट आहे.

कथेची चौकट

कादंबरीचा काळ १९७९ सालचा उन्हाळा आणि स्थळ सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, गोल्डन गेट पुलापलीकडे असलेले मरिन काउंटी. रेचेल ही तेरा वर्षांची, तर तिची धाकटी बहीण पॅटी अकरा वर्षांची. वडील अँथनी टॉरिचेली हे खुनांचा तपास करणारे पोलीस अधिकारी आहेत. ते देखणे आणि बोलण्यात मिठ्ठास असलेले गृहस्थ असून मुलींवर त्यांचे जीवापाड प्रेम आहे. मात्र कोणत्याही एका स्त्रीशी एकनिष्ठ राहणे त्यांच्या स्वभावातच नाही. त्यांच्यापासून विभक्त झालेली आई दुःखाने आपल्या खोलीत आणि पुस्तकांत बुडून गेली आहे. घरात पैशाची ओढाताण आहे आणि मुलींना हटकणारे कोणी नाही. घराच्या मागील बाजूस डोंगर आहे, आणि सुट्टीचे दिवस मोठे आहेत.

या पार्श्वभूमीवर डोंगरावर तरुण स्त्रियांची प्रेते सापडू लागतात. वृत्तपत्रे खुन्याला ‘सनसेट स्ट्रँगलर’ असे नाव देतात. तपासाची जबाबदारी मुलींच्या वडिलांवर येते. प्रारंभी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रुबाबात दिसणारे वडील महिन्यामागून महिना खचत जातात. खुनी सापडत नाही आणि लोकांचा रोष वाढत जातो. वडिलांना वाचवायचे तर खुन्याला आपणच पकडले पाहिजे, या निष्कर्षाप्रत रेचेल येते आणि स्वतःला आमिष म्हणून पुढे करते. त्या एका कृत्याचे परिणाम वडिलांच्या कारकिर्दीचा अंत घडवून आणतात. सत्याचा उलगडा तीस वर्षांनंतर होतो. तेव्हा रेचेल स्वतः कादंबरीकार झालेली असते आणि वडील हयात नसतात.

या चौकटीतील सामाजिक तपशील सजावटीसाठी आलेले नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने १९६९ साली विवाहविषयक कायद्यात बदल केला आणि १९७० पासून जोडीदाराचा दोष सिद्ध न करता घटस्फोट घेण्याची तरतूद अमेरिकेत सर्वप्रथम तेथे अमलात आली. रेचेल आणि पॅटी या त्या दशकाच्या मुली आहेत. वडील सुट्टीच्या दिवशी येणार, आई असून नसल्यासारखी, आणि दुपारभर घराबाहेर भटकण्याची मुभा, ही त्यांची दिनचर्या तत्कालीन वाचकाला अपरिचित वाटली नसती. त्याच वर्षी, मे १९७९ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये शाळेच्या बसपर्यंत एकट्याने चालत निघालेला सहा वर्षांचा मुलगा बेपत्ता झाला. त्या घटनेनंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील पालकांची मुलांना एकटे सोडण्याविषयीची वृत्तीच पालटली, आणि दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांची छायाचित्रे छापली जाऊ लागली. मेनार्ड यांनी निवडलेला उन्हाळा हा अशा रीतीने मुलांच्या मुक्त भटकंतीच्या अखेरच्या उन्हाळ्यांपैकी एक आहे. २०१३ सालच्या वाचकाला हे ठाऊक आहे आणि पात्रांना ते ठाऊक नाही. कादंबरीतील बरीचशी अस्वस्थता या अंतरातून निर्माण होते.

कादंबरीमागील वास्तव

ही कादंबरी एका प्रत्यक्ष गुन्हेप्रकरणावर सैलपणे आधारलेली आहे. १९७९ ते १९८१ या काळात मरिन काउंटीतील माउंट टॅमलपाइस व पॉइंट रेयेस येथील आणि पुढे सांताक्रूझ परिसरातील पायवाटांवर फिरायला गेलेल्या व्यक्तींचे, प्रामुख्याने स्त्रियांचे, खून झाले. वृत्तपत्रांनी या खुन्याला ‘ट्रेलसाइड किलर’ म्हटले. मे १९८१ मध्ये डेव्हिड कार्पेंटर या पन्नाशीच्या माणसाला अटक झाली. १९८४ साली सांताक्रूझमधील दोन खुनांबद्दल आणि १९८८ साली मरिनमधील पाच खुनांबद्दल त्याला दोषी ठरविण्यात येऊन देहदंडाची शिक्षा सुनावण्यात आली. दोन्ही खटले स्थानिक लोकमताच्या दडपणापासून दूर, अनुक्रमे लॉस एंजेलिस व सॅन डिएगो येथे चालविले गेले. अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेतील जॉन डग्लस यांनी अटकेपूर्वीच खुन्याला बोलण्यात दोष असावा असा अंदाज वर्तविला होता, आणि कार्पेंटर हा तोतरा निघाला. गुन्हेगाराचे मानसशास्त्रीय रेखाचित्र तयार करण्याच्या पद्धतीचे उदाहरण म्हणून हे प्रकरण आजही दिले जाते.

मेनार्ड यांना या प्रकरणाकडे नेणारी वाट मात्र न्यायालयातून गेलेली नाही. त्या तपासात काम केलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या दोन मुलींच्या आठवणींतून कादंबरीचे बीज त्यांना मिळाले. खुन्याच्या चरित्राकडे लेखिकेने जवळजवळ पाठ फिरविली आहे, याचे कारण येथे सापडते. तिची दृष्टी तपास अधिकाऱ्याच्या घराकडे लागलेली आहे.

वास्तव आणि कादंबरी यांतील फरक लक्षपूर्वक पाहावयास हवेत. प्रत्यक्षातील खुन्याने मुख्यतः पिस्तुलाचा वापर केला, तर कादंबरीतील खुनी गळा आवळतो. प्रत्यक्षातील खुनी पहिल्या खुनानंतर दोन वर्षांच्या आत पकडला गेला. कादंबरीत सत्य बाहेर येण्यास तीस वर्षे लागतात. पहिला बदल वास्तवापासून अंतर राखण्यासाठी केला असावा असे म्हणता येईल. दुसरा बदल अधिक मूलगामी आहे. प्रत्यक्षातील तपास यशस्वी झाला होता. कादंबरीने तो अयशस्वी केला आणि त्या अपयशाचे ओझे एका बापाच्या आणि त्याच्या मुलीच्या खांद्यावर टाकले. लेखिकेला या ओझ्याचीच कथा लिहावयाची होती, म्हणून इतिहास वाकविणे तिला भाग पडले. असे करण्याचा तिला अधिकार आहे काय, हा प्रश्न वर्गात विद्यार्थी विचारतातच, आणि तो टाळण्याजोगा नाही. खऱ्या खुनांत खऱ्या स्त्रिया मरण पावल्या आणि त्यांचे आप्त मागे राहिले. मेनार्ड यांनी मृत स्त्रियांची नावे आणि तपशील बदलले आहेत. परंतु पाने उलटत असताना या मृत स्त्रिया कथेला गती देण्यापुरत्याच येतात आणि रेचेलच्या कुटुंबाचे दुःख त्यांच्या दुःखावर छाया टाकते, ही गोष्ट कादंबरीच्या चाहत्यांनीही मान्य करावयास हवी. प्रत्यक्ष गुन्ह्यावर बेतलेल्या बहुतेक ललित लेखनावर हा आक्षेप घेता येतो. मेनार्ड यांच्या १९९२ सालच्या ‘टु डाय फॉर’ या कादंबरीलाही न्यू हॅम्पशायरमधील एका खून खटल्याचा आधार होता. म्हणजे ही वाट लेखिकेच्या पायाखालची होती.

शेजाऱ्यावरचा आळ

बहिणींच्या गल्लीत एक नवा शेजारी राहावयास येतो. तो फारसा कोणात मिसळत नाही. त्याच्याविषयी कोणाला काही ठाऊक नसते, आणि नेमके यामुळेच दोघी त्याच्याविषयी वाटेल ते रचू लागतात. प्रारंभी या रचना निरुपद्रवी आहेत. दाराची घंटा वाजवून पळून जाणे, रात्री दुसऱ्यांच्या खिडकीतून त्यांचा दूरचित्रवाणी संच पाहणे, असे या मुलींचे खेळ आहेत. खिडकीतून चित्र दिसते, आवाज मात्र ऐकू येत नाही. संवाद त्यांचे त्यांनीच कल्पावयाचे. हा खेळ कादंबरीच्या आशयाची किल्ली आहे. शेजाऱ्याच्या बाबतीत रेचेल हेच करते. त्याचे येणे-जाणे तिला दिसते आणि अर्थ ती आपल्या मनचा भरते.

खून सुरू झाल्यावर तोच खेळ विषारी होतो. प्रौढांच्या जगात संशयाला पुराव्याचे कुंपण असते, निदान असावे अशी अपेक्षा असते. मुलांच्या जगात गोष्ट जितकी रंगतदार तितकी ती खरी. शेजारी रात्री उशिरा कोठे जातो, त्याच्या घराचे पडदे ओढलेले का असतात, या साध्या प्रश्नांची उत्तरे खुनाच्या कथेत अचूक बसू लागतात, आणि बसतात म्हणूनच ती पुरावा वाटू लागतात. शेजारी खुनी नाही. त्याचे एकलकोंडेपण हे त्याचे स्वतःचे आहे आणि ते उघडे पाडण्याचा अधिकार कोणालाही नव्हता.

या बिंदूवर कादंबरी ज्या परंपरेत उभी आहे तिच्याकडे वळून पाहणे उपयुक्त ठरेल. शेजाऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या निरीक्षकाची सर्वांत प्रसिद्ध कथा म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५४ सालचा ‘रिअर विंडो’ हा चित्रपट. तो कॉर्नेल वूलरिच यांच्या १९४२ सालच्या कथेवर आधारलेला आहे. तेथे खिडकीतून पाहणाऱ्याचा संशय खरा ठरतो. हिचकॉक यांच्याच १९४३ सालच्या ‘शॅडो ऑफ अ डाउट’मध्ये एका तरुण मुलीला आपल्या लाडक्या मामाविषयी संशय येतो आणि तोही खरा ठरतो. मराठी किशोर साहित्यातील भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा संशयही वाया जात नाही. पाळत ठेवणाऱ्याला शेवटी न्याय मिळावा, ही वाचकाची सुप्त मागणी असते आणि हा प्रकार ती सहसा पुरवितो. याच्या दुसऱ्या टोकाला हार्पर ली यांची १९६० सालची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ आहे. तेथे मुले ज्याला राक्षस समजतात तो बू रॅडली हा शेजारी त्यांचा तारणहार निघतो, आणि मुलांचे अज्ञान दूर होते. मेनार्ड यांची कादंबरी या दोहोंच्या मध्ये अवघड जागी उभी आहे. खुनी खरोखरच आहे आणि तो जवळच वावरतो आहे. संशय अनाठायी नाही, फक्त तो चुकीच्या दारावर जाऊन थडकतो. भीती खरी आणि आळ खोटा, असा हा पेच आहे. ली यांच्या कादंबरीत मुलांची चूक क्षम्य ठरते, कारण तिची किंमत कोणी मोजत नाही. इथे ती मोजली जाते.

भीतीने व्यापलेल्या वस्तीत असे आळ कसे जन्मतात, हे मराठी वाचकाला अगदीच परके नाही. १९७६-७७ मधील जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या काळात पुण्यात संध्याकाळनंतर दारे बंद होत आणि दारावरची थाप ऐकून छातीत धस्स होई, असे त्या पिढीतील माणसे सांगतात. फरक इतकाच की पुण्यातील भीती घरात शिरली होती, मरिनमधील भीती डोंगरावर होती. ज्या मोकळ्या जागेत मुली वाढल्या, ती जागाच त्यांच्यापासून हिरावली गेली. कादंबरीतील डोंगराचे वर्णन त्यामुळे हळूहळू रंग बदलत जाते. आरंभी तो अंगण आहे. नंतर तो अंधार होतो.

वडिलांची मुलगी

नॅन्सी ड्रू या बालगुप्तहेर मुलीची पुस्तके १९३० पासून अमेरिकेत वाचली जात आहेत. आई नसलेली ही मुलगी वकील असलेल्या वडिलांच्या प्रकरणांत लक्ष घालते, गुन्हा उकलते आणि वडिलांचा अभिमान होते. वडिलांच्या व्यवसायात मुलीने घातलेले लक्ष नेहमी उपकारकच ठरते, असा त्या मालिकेचा अलिखित नियम आहे. मेनार्ड यांनी हा नियम मुळापासून उलटविला आहे. रेचेलचीही आई जवळजवळ अनुपस्थित आहे, तिचेही वडील कायद्याच्या बाजूचे आहेत आणि तिलाही त्यांच्या प्रकरणात मदत करावयाची आहे. नॅन्सीच्या सर्व अटी ती पूर्ण करते आणि तिच्या मदतीने वडील उद्ध्वस्त होतात.

या प्रेमाचे स्वरूप तपासून पाहण्यासारखे आहे. वडील इतर स्त्रियांना देतात तेच लक्ष मुलीला हवे आहे. खुनांचा तपास ही तिला वडिलांपर्यंत पोहोचण्याची वाट वाटते. त्याचबरोबर तपास अधिकाऱ्याची मुलगी म्हणून तिला शाळेत अनपेक्षित मान मिळू लागतो. ज्या मुली पूर्वी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत, त्या आतल्या बातम्यांसाठी तिच्याभोवती गोळा होतात. बातमी नसेल तेव्हा रेचेल ती तयार करते. खून हे तिच्यासाठी सामाजिक भांडवल होते. ही गोष्ट लेखिकेने कोठलाही शिक्का न मारता सांगितली आहे. तेरा वर्षांच्या मुलीकडून याहून वेगळी अपेक्षा करता येत नाही, आणि तरीही जे घडते ते भयंकर आहे, या दोन्ही गोष्टींचे भान निवेदनात एकाच वेळी टिकून राहते.

हे कसे साधते, याचे उत्तर निवेदनपद्धतीत आहे. कथा प्रथमपुरुषी आहे, परंतु सांगणारी रेचेल मध्यमवयीन कादंबरीकार आहे आणि अनुभवणारी रेचेल किशोरवयीन. पहिलीला सर्व ठाऊक आहे, दुसरीला काहीच ठाऊक नाही. उत्कंठाकथेत अशी पश्चदृष्टी धोक्याची असते, कारण निवेदक जिवंत राहणार हे वाचकाला पहिल्याच पानावर कळते. मेनार्ड यांनी या उणिवेचा उपयोग करून घेतला आहे. ‘रेचेल वाचेल काय’ हा प्रश्न आपोआप बाद झाल्याने वाचकाचे लक्ष ‘तिच्या हातून काय घडेल’ याकडे वळते. शिवाय जी निवेदक लहानपणी गोष्टी रचून माणसांना गोत्यात आणीत होती, तीच मोठेपणी गोष्टी रचण्याचा व्यवसाय करते. तिच्या कथनावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्यामुळे शेवटपर्यंत सुटत नाही.

याच रेचेलला डोळ्यांसमोर दृश्ये दिसतात, खुन्याच्या नजरेतून जग दिसल्यासारखे होते, असे कादंबरीत वारंवार येते. किशोरावस्थेत शरीरात होणारे बदल, पुरुषी नजरेची नव्याने होणारी जाणीव आणि मृत्यूचे आकर्षण यांची सरमिसळ म्हणून ही दृश्ये वाचली तर ती प्रभावी ठरतात. डोंगरावर मारल्या जाणाऱ्या स्त्रिया आणि आपण यांच्यात आता फारसे अंतर उरलेले नाही, ही जाणीव रेचेलला त्याच वर्षी होते. वडिलांच्या नजरेतील कौतुक आणि खुन्याच्या नजरेतील लालसा या दोन्हींचा विषय स्त्रीचे शरीरच आहे, हे तिला कळत नाही पण वाचकाला कळते. मात्र याच दृश्यांचा उपयोग पुढे माहितीचा खरा स्रोत म्हणून होऊ लागतो, तेव्हा कादंबरीचा तोल ढळतो. शेजाऱ्याविषयीची कल्पना खोटी ठरते आणि खुन्याविषयीची कल्पना मात्र काही अंशी खरी, असे का व्हावे याचे कारण कथेत सापडत नाही. तीस वर्षांनंतरचा उलगडाही योगायोगाच्या आधारावर उभा आहे. पहिल्या तीन चतुर्थांश भागात जे संयमाने रचले, त्याला शेवटी प्रकाराच्या मागणीपुढे मान तुकवावी लागली, असे म्हणावे लागेल.

धाकटी बहीण आणि मराठी भाषांतराचा प्रश्न

कादंबरीचे खरे बळ पॅटीमध्ये आहे. ती मितभाषी आहे, बास्केटबॉलवर तिचा जीव आहे, आणि बहीण म्हणेल ते सर्व ती खरे मानते. एकटी रेचेल असती तर तिच्या कल्पना डोक्यातच राहिल्या असत्या. ऐकणारी आणि विश्वास ठेवणारी पॅटी असल्यामुळे त्यांना घटनेचे रूप येते. संशय हा दोघांमध्ये वाढतो, हे सत्य लेखिकेने बहिणींच्या नात्यातून नेमके पकडले आहे. ही केवळ सोबत नव्हे. आई-वडिलांनी सोडलेली जागा मोठ्या बहिणीने भरून काढली आहे, आणि म्हणून तिने दाखविलेल्या धोक्याच्या वाटेवर धाकटी निमूटपणे चालते.

इंग्रजी मूळात पॅटी मोठ्या बहिणीला नावाने हाक मारते. इंग्रजीत दुसरा पर्याय नाही. मराठीत आणताना भाषांतरकारापुढे ‘ताई’ हा शब्द येऊन उभा राहतो. तो वापरला तर मूळात अध्याहृत असलेली जबाबदारी आणि अधिकार पृष्ठभागावर येतात, आणि रेचेलचा दोष प्रत्येक हाकेसरशी गडद होत जातो. न वापरला तर कॅलिफोर्नियातील दोन मुलींचे स्वायत्त जग अबाधित राहते, परंतु नात्यातील उतरंड मराठी वाचकाला तितकीशी जाणवत नाही. अमेरिकन घरात ‘ताई’ विजोड दिसेल, हा आक्षेप रास्त आहे, आणि तो मान्य करून रेचेलचे नावच ठेवणे अधिक सयुक्तिक ठरेल. मात्र मग पॅटीच्या बोलण्यातील आदर वाक्यरचनेतून, तिच्या गप्प राहण्यातून आणि मागे मागे चालण्यातून दाखवावा लागेल.

शीर्षकाच्या बाबतीत मात्र मराठी मूळाहून समर्थ ठरण्याची शक्यता आहे. इंग्रजी शीर्षकात पाठलाग आणि कालक्रम असे दोन अर्थ आहेत. कोणीतरी तिचा पाठलाग करतो आहे, आणि तिच्यानंतर काहीतरी उरले आहे. ‘तिच्या मागे’ या मराठी शब्दांत हे दोन्ही अर्थ येतातच, शिवाय निधनवार्तेतील तिसरा अर्थही येतो. वृत्तपत्रात मृत व्यक्तीविषयी लिहिताना तिच्या मागे कोणता परिवार आहे हे याच शब्दांत नोंदविले जाते. कादंबरीत मृत स्त्रियांच्या मागे राहिलेल्यांना पुरेशी जागा मिळालेली नाही, हा आक्षेप वर नोंदविलाच आहे. हे मराठी शीर्षक त्या उणिवेकडे वाचकाचे लक्ष प्रत्येक वेळी वेधील. भाषांतरकाराने ते स्वीकारावे की मूळातील ‘ती’ नेमकी कोण, ही संदिग्धता राखण्यासाठी इंग्रजी नावच ठेवावे, याचा निर्णय करताना कादंबरीतील तिन्ही स्त्रीसमूह, म्हणजे डोंगरावर मेलेल्या स्त्रिया, या दोघी बहिणी आणि वडिलांनी मागे टाकलेली आई, त्या एका सर्वनामात सामावतात काय, हे पाहावे लागेल.